ताटातली शाल

बाबा, परवा कॉलेजातली दोन मुलं घरी आली होती. एक मुलगी, यंदाची विद्यार्थी मंडळाची सचिव, आणि तिच्यासोबत एक मुलगा. स्नेहसंमेलनाला मी पाहुणी म्हणून यावं, असं आमंत्रण घेऊन आली होती. चहा पिता पिता मुलानं हळूच विचारलं, "मॅडम, तुमी अध्यक्षाले नारळ फेकून मारला होता म्हणते, खरं आहे काय?" मी इतक्या जोरात हसले की आई आतून बाहेर आली. कॉलेजात अजून ती गोष्ट सांगतात म्हणे. कुणाच्या तोंडी नारळ फेकला, कुणाच्या तोंडी शाल फाडली. गोंदियाच्या कोर्टात इतकी वर्षं वकिली केली, साक्षीदार राईचा पर्वत कसा करतात ते मला नवीन नाही. पण एक गोष्ट मनाला लागली. त्या साऱ्या कहाणीत ताट कोणाच्या हातात होतं, हे त्या पोरांना ठाऊकच नव्हतं. म्हणून लिहायला बसले. माफी मागायला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही त्या कॉलेजचे शिपाई, आणि घंटी तुमची. घंटी म्हणजे व्हरांड्यात टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा आणि एक लोखंडी टोला. टोल्याला तुम्ही कापड गुंडाळून मूठ केली होती आणि त्याला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला तुम्हाला खपत नसे. रात्री जेवताना आईला सांगायचात, "आज पाटलाचा पोट्टा गेटाजवळ गप्पा मारून राहिला होता. म्या टोला हाणला, तसा पळाला." आणि मग खुशीत वरण ओरपायचात. आपल्या वस्तीतल्या माणसाच्या हातावर अख्खं गाव उठतं-बसतं, याचं तुम्हाला फार अप्रूप होतं. ते मला कळत होतं, बाबा. कळत नव्हतं असं समजू नका.

पण त्याच व्हरांड्याच्या टोकाला एक कुलूपबंद दार होतं. वर पाटी होती, "मुलींसाठी विश्रांती कक्ष". आत संस्थेच्या खुर्च्या, मंडपाचे खांब आणि पाहुण्यांचा सोफा. मुलींच्या संडासाची वाट त्याच खोलीतून, म्हणून तोही बंद. खेड्यांतून पहिल्या बसनं येणाऱ्या मुली दुपारच्या बसपर्यंत सायकल स्टँडवर, हँडलांच्या मधे जागा करून बसायच्या आणि दिवसभर पाणी प्यायच्या नाहीत. शिपायाची पोर होते तरी मीही पीत नव्हते. सकाळी भरून नेलेली बाटली भरलेलीच परत यायची. आई ती मोरीत ओतताना म्हणायची, "काऊन वो, कॉलेजातलं पाणी लय गोड आहे काय?" तुम्ही तिथेच बसलेले असायचात, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यात त्या खोलीचीही किल्ली होती.

तेव्हा कॉलेजात निवडणुका नव्हत्या. जो वर्गात पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी, आणि त्या प्रतिनिधींनी आपल्यातून सचिव निवडायचा. पोरांची भांडणं नकोत म्हणून काढलेला हा नियम. पण पहिल्या येत होत्या मुली, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. बैठकीत प्राचार्यांनी एका व्यापाऱ्याच्या मुलाचं नाव सुचवलं, आणि हात वर झाले माझ्यासाठी. तुम्ही चहा घेऊन आत आलात, तेव्हा प्राचार्य तुमच्याकडे बघून म्हणाले, "अभिनंदन, तुमची मुलगी सचिव झाली." त्या दिवशी तुम्ही येताना पेढे आणलेत. पेढा माझ्या हातावर ठेवलात आणि लगेच म्हणालात, "आता पुढारपण करजो नोको. सत्कार कराचा, आभार मानाचे, घरी याचं." मी खोलीचं काढलं तसा तुमचा चेहरा बदलला. "साऱ्या पोट्टींचा ठेका तूच घेतला काय?" मी म्हटलं, किल्ली तर तुमच्यापाशीच आहे. तुम्ही म्हणालात, "किल्ली माज्यापाशी आहे. कुलूप त्यायचं आहे." हे तुमचं वाक्य मी पुढे कोर्टात कितीदा वापरलं असेल. प्राचार्यांना आम्ही भेटलो, पुन्हा भेटलो, आणि प्रत्येक वेळी "बघू" एवढंच ऐकून आलो.

मग स्नेहसंमेलनाचा दिवस. सकाळचं ऊन मंडपाच्या कापडातून खाली आलेलं. रिवाज असा की संस्थेच्या अध्यक्षांचा सत्कार विद्यार्थी सचिवानं करायचा, आणि शाल-श्रीफळाचं ताट शिपायानं धरायचं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा गणवेश घालून माझ्या बाजूला उभे आहात. माझं नाव पुकारलं जातं. अध्यक्ष उठून पुढे येतात आणि शालीसाठी सवयीनं मान वाकवतात. मी शाल उचलत नाही, माइककडे वळते. "साहेब, आमच्या खोलीत तुमच्या खुर्च्या आहेत. खोली उघडा, मग शाल." अध्यक्षांची मान अजून वाकलेली, वर करावी की नाही हे त्यांना समजत नाही. ताटात नारळ थोडासा हलतो. तुम्ही ओठ न हलवता म्हणता, "उचल माय." मी उचलत नाही. शेवटी प्राचार्य धावत येतात, ताटातली शाल ओढतात आणि अध्यक्षांच्या खांद्यावर टाकतात. अध्यक्ष हसून म्हणतात, "अरे जाने दो, बच्ची है." मागे बसलेल्या मुलींनी तेव्हा टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या थांबेनात.

घरी तुम्ही जेवला नाहीत. ताट सरकवून म्हणालात, "माज्या बापाच्या हातचं पाणी नाही घेत होते हे लोक. आज मी ताट धरून उभा होतो, अन् थो मान वाकवून होता. तेवढं तरी पाहू द्याचं होतं मले." आईनं डोळ्यांना पदर लावला. मी म्हटलं, "मान शालीसाठी वाकली होती, बाबा. तुमच्यासाठी नाही." लागेल असं बोलले, आणि लागावं म्हणूनच बोलले. आजही तेच बोलेन. ज्या ताटाच्या मानासाठी शंभर मुलींनी तहान दाबून बसायचं, ते ताट माझ्या बापाच्या हातात असलं तरी माझ्या कामाचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मुली त्या दारासमोर बसल्या. प्रत्येकीपुढे पाण्याची भरलेली बाटली, घोषणा नाही की भाषण नाही. प्राध्यापकांना त्या बाटल्या ओलांडून वर्गात जावं लागे, आणि त्यांना ते फार अवघड जाई. आठवडा उलटायच्या आत प्राचार्यांनी तुम्हाला बोलावलं. कुलूप तुम्हीच काढलंत, खुर्च्याही एकट्यानं वाहिल्यात, माझ्याकडे न बघता. आणि पुढच्या सोमवारी तुमची घंटी गेली. टोला एका नव्या शिपायाच्या हातात, आणि तुमची नेमणूक सायकल स्टँडवर.

निवृत्त होईपर्यंत तुम्ही तिथेच होतात. येईल त्या पाहुण्याला सांगायचात, "हिच्यापायी माजी घंटी गेली." शेवटच्या आजारपणात डॉक्टरलाही सांगितलंत. मी उशाशी बसून ऐकलं आणि चूप राहिले, कारण तुम्हाला धाप लागत होती. नाहीतर उत्तर माझ्याजवळ तयार होतं. घंटी गेली, खोली उघडली. हा सौदा मला पुन्हा करायला सांगितला तर पुन्हा करेन. तुमच्या मनाविरुद्ध करेन, तुमच्या घंटीच्या बदल्यात करेन. तुम्हीही काही कमी नव्हता. सायकल स्टँडवरून घरी आलात की कुरकुर असायची, "थो नवा पोट्टा खोली टाइमावर खोलत नाही. पोट्टी उभ्या राहते. आज म्या जाऊन चांगला झापला त्याले." घंटी उशिरा वाजते, ही तक्रार त्यानंतर यायची. आई आणि मी एकमेकींकडे बघायचो आणि भाकरी मोडायचो.

तर त्या पोरांना मी सारं सांगितलं. ताट माझ्या वडिलांच्या हातात होतं, हे दोनदा सांगितलं. मुलीनं विचारलं, "मंग ते रागावले असतीन?" मी म्हटलं, मरेपर्यंत. मग मी खोलीबद्दल विचारलं. दोघं चुळबुळली. खोली आहे, पण स्नेहसंमेलनाच्या दिवसांत मंडपाचं सामान तिथेच ठेवतात. "आठ दिवसाचाच प्रश्न आहे, मॅडम." मी म्हटलं, मग मी आठ दिवसांनी येते. मुलगा आईकडे बघायला लागला, ही बाई खरंच बोलते की काय म्हणून. मुलगी मात्र हसली. "सरायले हेच सांगू?" हेच सांग म्हटलं. काल तिचा फोन आला. सामान बाहेर निघालं होतं, आणि मागून मुलींचा कलकलाट ऐकू येत होता.

जाईन मी. शाल घेणार नाही, तेही कळवलं आहे. हे कागद मात्र कुठे जायचे नाहीत. आईलासुद्धा वाचून दाखवणार नाही, कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही. त्या पोरांनाही नाही. ती मुलगी जाताना दारात थांबून म्हणाली, "तुमाले भेव नाही वाटला काय, मॅडम?" मी म्हटलं, "कायचा भेव?" वकील आहे, चेहरा सांभाळता येतो. बाबा, भीती वाटली होती. तुम्ही "उचल माय" म्हणालात तेव्हा माझा हात ताटाकडे निघालाच होता. आणखी एकदा म्हणाला असतात तर उचलली असती मी ती शाल, आणि पुढचं काहीच घडलं नसतं. मी वाट बघत होते. तुम्ही ताट घट्ट धरून समोर बघत उभे राहिलात, आणि दुसऱ्यांदा म्हणालाच नाहीत.