ढलप्यांचा पट्टा आणि लॉरेलचे अंगण

मी, आयडा रँडल, वय अठ्ठ्याहत्तर, कै. एल्डन रँडल यांची पत्नी, शाळेच्या बसची निवृत्त चालक, राहणार ओल्ड हॅलोवेल, कनेक्टिकट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. गुडघे कुरकुरतात, डोके ठिकाणावर आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते.

१. घर, दीड एकर जमीन आणि एल्डनने रचलेला दगडी गडगा माझी एकुलती मुलगी लॉरेल हिला मिळावा. आधी हे सगळे चर्चला दिले होते. पाद्रीबुवांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांना पियानो ठेवला आहे.

बदलाचे कारण लिहून ठेवते. अकरा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात एल्डनने आणि मी ओकची पाने ओढून गडग्यालगत कमरेएवढा ढीग केला. नात पायपर, तेव्हा सहा वर्षांची, दिवसभर त्यात उड्या मारत होती. आम्हीही लहानपणी मारल्या, आमच्या आईबापांनीही. थंडी पडली की गोचीड संपले, ही आम्हा जुन्या लोकांची पक्की समजूत. संध्याकाळी तिचे अंग कोणी तपासले नाही. महिन्याभरात पोरीच्या तोंडाची उजवी बाजू लुळी पडली. एका डॉक्टरांनी गार वारा लागला म्हणून सांगितले. त्यांना मी काहीही ठेवलेले नाही.

२. फांद्यांच्या ढलप्या करणारे माझे यंत्र शेजारीण स्टाशा व्होयचिक हिला. हरणांना सफरचंदे घालते म्हणून मी वीस वर्षे तिच्याशी भांडले. पण पायपरला पाहताच, "वारा कसला, डोंबलाचा! गोचिडाचं काम आहे हे. आजच रक्त तपासा," असे ओरडली ती हीच. लाइम रोग निघाला. औषध सुरू झाले आणि पोरीचे तोंड सरळ झाले. पुढे एल्डन गेला. गोचीड नेमका आपल्याला दिसत नाही तिथे चिकटतो, आणि एकट्या बाईची पाठ बघणार कोण? तेव्हापासून एप्रिल ते नोव्हेंबर रोज संध्याकाळी स्टाशा चिमटा घेऊन हजर.

"वळ गं म्हातारे."

"तुझ्या हरणांचाच पाहुणा असेल बघ."

"मग सफरचंद देऊ का त्याला? हलू नकोस!"

गोचीड हरणांच्या अंगावरून अंगणात येतात, म्हणून सफरचंदे तिने पायपरच्या आजारपणातच बंद केली होती. मी तिचे आभार कधी मानले नाहीत. ते इथे मनापासून मानते.

३. लॉरेल, हे तुझ्यासाठी; वकिलांनी खोडू नये. तू म्हणालीस, "आई, माझ्या पोरीचं तोंड वाकडं झालं आणि तुला अजून त्या गडग्याचं कौतुक?" मी म्हणाले, "पानांत खेळून कोणी मरत नाही." त्या वाक्याची आणि त्याच रागात केलेल्या मृत्युपत्राची मला लाज वाटते. त्यानंतरही तू फोन करतेस, नाताळात मला तुझ्याकडे बोलावतेस, हे तुझे मोठेपण. पण या गवतावर तू पुन्हा पाऊल ठेवले नाहीस. बरोबरच केलेस.

मी काय केले ते ऐक. झाडी आणि गवत यांच्यामध्ये चार फूट रुंद ढलप्यांचा पट्टा घातला. कोरड्यातून गोचीड सहसा येत नाही. दर वसंतात नवा थर. झोपाळा मधोमध उन्हात आणला. पाने पडली की त्याच आठवड्यात हलवते. हरणांसाठी आठ फुटी जाळी आहे. गडग्याच्या अंगणाकडच्या तुकड्यात उंदरांनी घरे केली होती, आणि गोचिडांना हा रोग उंदरांकडूनच लागतो. तो मी स्वतः दगड दगड करून उतरवला. एल्डन रडला असता, म्हणून त्याच्या वाटणीचे मीच रडले.

४. दर जूनमध्ये मी काठीला पांढरे फ्लॅनेल बांधून गवतावरून ओढते. गोचीड असले की कापडाला चिकटून येतात. पहिल्या वर्षी एकवीस आले. यंदा चार वेळा ओढले, एकही नाही. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस. कापड तू स्वतः ओढ. मग घर ठेव किंवा विक, माझी हरकत नाही.

हे तू मी मेल्यावर वाचणार, हे आत्ता लिहिताना माझ्या ध्यानात आले. इतकी वर्षे अंगण कोणासाठी राखले मी? म्हणून याची प्रत आजच टपालात टाकते आहे. लॉरेल, मी जिवंत आहे. रविवारी जेवायला ये. पायपरलाही आण.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली. सही: आयडा रँडल.

आमच्यासमक्ष सही झाली: बर्टन लेफिंगवेल, ग्रंथपाल; कॉन्स्टन्स पेक, टपाल कचेरी. (स्टाशाला यातून वाटा मिळतो म्हणून तिची साक्ष चालत नाही. ती ओसरीवर फुगून बसली आहे.)

ओल्ड हॅलोवेल, २७ जून २०२४.