ऐकायचा गृहपाठ

सोमवार, ४ मार्च

हसल्या! जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांसमोर. लेकीच्या बाळंतपणासाठी आलेल्या विहीणबाईंना मी त्यांच्या भाषेत मीठ मागितलं, तर डोळ्यांना रुमाल लावून हसल्या. सूनही हसली, पोटावर हात धरून. तिला आठवा महिना आहे म्हणून सोडून दिलं. मुलगा म्हणतो, "आई, तू 'मजकडे लवण द्यावे' अशा थाटात बोललीस. घरात असं कुणी बोलत नाही गं."

मग दोन वर्षं मी काय शिकले? सून घरात आली तेव्हापासून अरबीचा क्लास लावलाय. दिवसभर चष्म्याच्या दुकानात उभं राहायचं, पायांचे तुकडे पडायचे, तरी संध्याकाळी वर्गात हजर. कशासाठी? उद्या नातवंड आईशी अरबीत बोलेल आणि आजी आपल्याच घरात मख्खासारखी बसेल, ते नको म्हणून. आणि या हसतात.

मीठ शेवटपर्यंत कुणी दिलंच नाही. भाजी अळणीच खाल्ली.

गुरुवार, ७ मार्च

मास्तरांना जाब विचारला. म्हणाले, "पुस्तकातली भाषा हा पाया आहे, बाई." पाया, पाया, पाया — घर कधी बांधायचं? आमच्या वर्गातला औषधवाला लगेच मध्ये तोंड घालतो, "मला तर कुणी हसत नाही." त्याच्याशी बोलतंय कोण!

मास्तरांनी नवा गृहपाठ दिलाय. बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं. घरगुती बोलणं, चालतं तसं. एक तरी संभाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजलं की वर्गात येऊन आपल्या शब्दांत सांगायचं.

म्हणजे फी भरून गप्प बसायला शिकायचं. ते तर सासूबाईंनी फुकटात शिकवलं होतं.

रविवार, १० मार्च

काल दुकानात एक गिऱ्हाईक आलं, फोनवर अरबीत बोलत. मी अरबीत विचारलं, लांबचं दिसत नाही की जवळचं? उत्तर इंग्रजीत. मी पुन्हा अरबीत. तो पुन्हा इंग्रजीत. दोघंही हट्टाला पेटलो. शेवटी चष्मा न घेताच निघून गेला. मालक दिवसभर माझ्याकडे बघत होते.

यांच्या भाषेत बोलू नये तर आपण अडाणी. बोलावं तर तमाशा. माणसाने करायचं तरी काय?

मंगळवार, १२ मार्च

गृहपाठ शून्य. औषधवाल्याने दोन संभाषणं सांगितली. दोन्ही बनवलेली, पैज लावते.

शुक्रवार, १५ मार्च

ठीक आहे. मंगळवारपासूनच ठरवलंय, घरात अरबीचा शब्द काढायचा नाही. चारच दिवस झालेत. घरी असले की नुसती ओट्याशी उभी राहते. विहीणबाईंची टकळी सतत चालू — कधी लेकीशी, कधी फोनवर बहिणीशी. आधी नुसता गलका वाटायचा. आता मध्येच काही हाताला लागतं. कांदे संपले. डॉक्टरला पायांची सूज दाखव. पडदे कुठून आणायचे. कसले पडदे, ते मात्र कळलं नाही.

मुलगा विचारतो, "आई, रुसलीस का?" म्हटलं, "अभ्यास करतेय." हसला, पण हल्ली माझ्याकडे सरळ बघत नाही. बाप होणार म्हणून घाबरलाय बहुतेक.

विहीणबाईंना वाटतंय मी हरले. जाता जाता पाठीवरून हात फिरवून गेल्या. दया नकोय मला त्यांची! आता तर माझ्यासमोर आवाजही कमी करत नाहीत. त्यांच्या लेखी मी आणि फ्रीज सारखेच.

मंगळवार, १९ मार्च

गृहपाठ झाला.

सकाळी मी भांडी विसळत होते. विहीणबाई मागे खुर्चीवर, फोनवर बहीण. पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत समजलं. बाळ तीन महिन्यांचं झालं की तिघंही तिकडे, त्यांच्या गावी. कायमचे. जावयाची नोकरी ठरली. वरच्या खोलीला पिवळा रंग लावून झाला, पडदे तेवढे राहिलेत. मग बहिणीने काही विचारलं असावं; म्हणाल्या, "नाही, त्याच्या आईला अजून नाही सांगितलं. त्यालाच धीर होत नाही. बिचारी आपली भाषा शिकतेय."

धुतलेलीच ताटली पुन्हा धूत राहिले.

फोन ठेवून त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला. मी आभार मानले, अगदी पुस्तकातल्यासारखे. नेहमीसारख्या हसल्या.

संध्याकाळी क्लास आहे. आपल्या शब्दांत सांगायचंय.