सहा घराण्यांचा आकाशकंदील

पाली, जि. रत्नागिरी

चि. महिपत यास दादाचे आशीर्वाद.

तुझा गुडघा आणि चि. सौ. रेणुकाचा खोकला बरा असेल असं धरून चालतो, कारण तुम्ही कळवत नाही. मी ठीक आहे. तुझी वहिनी गेल्यापासून चहा मीच करतो आणि त्याला नावंही मीच ठेवतो.

वाडीत सध्या माझ्याशी कुणी बोलत नाही. गणितामुळे. (शाळेत शिकवायचो तेव्हाही बोलत नसत, पण तेव्हा पगार मिळायचा.) देवळापुढे दरवर्षी वाडीचा एकच आकाशकंदील लागतो. यंदा सभेत ठरलं की कंदिलाच्या प्रत्येक बाजूला सहा कोपरे हवेत आणि प्रत्येक कोपऱ्यात एकेका घराण्याचं नाव. म्हणजे सहाही घराणी सारखी, रुसायला जागा नको. काम माझ्याकडे आणि शेजारच्या सदूकडे. मी तिथंच सांगितलं, नुसत्या षटकोनांचा कंदील बंद होणार नाही. फुगीर बंद आकाराला पाच किंवा त्याहून कमी कोपऱ्यांची बाजू कुठेतरी असावीच लागते. वाडीच्या अध्यक्ष दर्शनावहिनी म्हणाल्या, "मास्तर, सुरुवातीलाच अपशकुन नको."

मग बांबूच्या काड्यांचे षटकोन बांधत गेलो. एका कोपऱ्यात तीन आले की ते सपाट बसतात, तसे बसले. सभामंडपभर चटई पसरली. सदू म्हणाला, "जरा वाकवा, बांबू हाय, वाकंल." वाकवला. मोडला.

शेवटी मी पंचकोन घातले. प्रत्येक कोपऱ्यात तीन बाजू ठेवल्या, तर षटकोन कितीही असोत, पंचकोन बरोबर बाराच लागतात. फुटबॉलवर असतात तसे, वीस षटकोन आणि बारा पंचकोन. प्रत्येक पंचकोनावर एक घराणं गळणार हे खरं, पण पंचकोन बारा आणि घराणी सहा, म्हणजे प्रत्येक जण दोनदाच गळणार! इतकी न्याय्य वाटणी मी जन्मात पाहिली नव्हती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. (सदूच्याही आलं, पण त्याच्या बोटात काडी घुसली होती.)

कंदील टांगला, वाडी खाली जमली. आपलं नाव असलेल्या तीस बाजू कुणीच पाहिल्या नाहीत. प्रत्येकानं नसलेल्या दोन शोधून काढल्या. वाऱ्यानं कंदील फिरला की कुणाच्या ना कुणाच्या दारासमोर नेमकी तीच बाजू यायची. दर्शनावहिनी म्हणाल्या, "आमचे सासरे असते तर पाच कोपरे करायची तुमची छाती झाली नसती." याला गणितात उत्तर नाही. बघता बघता घरोघरी बाजारातली वेगळी चांदणी लागली आणि वाडीचा कंदील माझ्या पडवीत येऊन पडला. देवळापुढचा बांबू रिकामा आहे. तुझी वहिनी गेली त्या दिवाळीला आपल्या घरी काही लावलं नव्हतं, पण ओट्यावर बसलं की तिथला उजेड अंगणापर्यंत यायचा. यंदा तोही नाही.

तुझा,
दादा

ता. क. तुझ्या-माझ्या घराण्याचं नाव नसलेल्या दोन्ही बाजू सदूनं टांगताना मुद्दाम रस्त्याकडे ठेवल्या होत्या. त्याच्याशी मीही बोलत नाही. (कंदील फिरत होता, हे मला मान्य आहे.)

ता. क. २. रेणुका दिवाळीला करंज्या पाठवणार असेल, तर पाठवू नयेत. घेऊन यावं. दोघांनी.