आईचं खरं वय

ती. अप्पा,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, तरी हे तुम्हालाच सांगावंसं वाटतंय.

आई पडली. खुब्याचं ऑपरेशन सांगितलं. सत्तरीपुढच्यांना ते सरकारी कार्डावर फुकट होतं. तुमची पेन्शन आड येत नाही, तिची जुनी शुगरही नाही. फक्त वय आधारवरचं धरतात. तुम्ही आज बहात्तरचे असता आणि आई तुमच्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे एकोणसत्तरचीच. हुलसूरच्या कार्ड काढायच्या सेंटरवर मी भीतभीतच तिचं आधार पुढे केलं.

"अक्का, कामून घाबरायलाव? आजी त्र्याहत्तरच्या हायत की!" तिथली रूपाली म्हणाली.

घरी आईला विचारलं, तर पडल्या पडल्या हसली. "लग्नात पोरगी लहानच सांगायची रीत होती. आधारवाल्यापुढं कामून खोटं बोलू?"

"आणि अप्पांना?"

"त्यांनी कधी इचारलंच न्हाई."

ऑपरेशन छान झालं. आज ती वॉकर धरून उभी राहिली. नर्सनं वय विचारलं, तेव्हा जणू तुम्ही दाराआडच उभे आहात असं तिकडं बघून तिनं हळूच खरं सांगितलं.

तिच्यावर रागावू नका.

तुमची,
जयू