डुकराची खारवलेली मांडी

प्रिय मर्सीताई,

कालच्या जेवणासाठी तू वर्षभर पोसलेलं डुक्कर कापलंस. त्याची खारवलेली मांडी तू खास केलेबकाका-काकूंसाठी दिलीस. आपण पोरके झालो तेव्हा त्यांनीच जेवू घातलं होतं.

"काका, माझ्या घरी मांसाला तोटा नाही!" मी फुशारकी मारली. मग इथल्या रीतीने आधी मक्याचं पुडिंग वाढून आग्रह केला, "जो हे जास्त खाईल, त्याला जास्त मांस!"

काका पोटावर हात फिरवत हसले. "लबाडा, पोट आमचं भरलं, मांस तुझं वाचलं!"

काकू म्हणाल्या, "असू द्या हो, पोरगं संसारी झालं."

मीही हसलो, पण मांडी कापायला सुरी उचलली नाही.

आज पहाटे ते बोस्टनला परतले. हे पत्र तुला धाडायचा धीर नाही. मांडी तळघरात अख्खीच टांगलेली आहे.

तोंड लपवणारा तुझा भाऊ,
सायलस