‘बघू’ चालणार नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज संचालकांशी वाजलं! संचालक म्हणजे कसले, तर औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांतल्या इंग्रजी क्लासचे. एक पंखा, अकरा बाकं, भिंतीवर विमानाचं पोस्टर. पण तोरा असा, की जणू विमान यांच्याच मालकीचं!

म्हणे, “मॅडम, तो प्रश्नांचा धडा सोडून द्या. आपली माणसं परदेशी जायची. मुलाखतीत प्रश्न साहेब विचारतो. यांनी फक्त उत्तरं द्यायची. ती पाठ करून घ्या.”

मी म्हटलं, “पोपट पाळायचे असतील तर पिंजरे आणा, बाई कशाला ठेवलीत?”

नाकाला मिरच्या झोंबल्या. झोंबू देत. इतकी वर्षं शिकवतेय, एक गोष्ट कळलीय — ज्याला नुसती उत्तरं येतात त्याला कोणीही गुंडाळतं. पुढचं विचारता आलं पाहिजे. कधी जाणार, कुठे राहणार, कोणाबरोबर, मग माझं काय? मी तो धडा शिकवणार. उद्याच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

शिकवला. पण बाप रे! संध्याकाळच्या वर्गात सगळी संसारी, कामावरून दमून आलेली माणसं. उत्तर द्या म्हटलं की शाळकरी पोरांसारखी धडाधडा बोलतात. विचारा म्हटलं की दातखीळ! ड्रायव्हर तर सरळ म्हणाला, “मॅडम, विचारायची लाज वाटते हो. समोरच्याला वाटेल चौकशा करतोय.”

मग मी माझी खुर्ची काढली. फळ्यासमोर एकाने खुर्चीत बसायचं. बाकीच्यांनी इंग्रजीत त्याला पुढचे बेत विचारायचे — उद्याचे, पुढच्या महिन्याचे, पुढच्या वर्षीचे. नियम एकच. खुर्चीतल्याने ‘बघू’ म्हणायचं नाही. ‘ठरवू’ नाही, ‘होईल काहीतरी’ तर नाहीच नाही. तसं म्हटलंच, तर विचारणाऱ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. खरं उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही.

नर्स खुर्चीत बसली. पाच मिनिटांत तिच्या तोंडून तिसऱ्यांदा ‘बघू’! सगळे ओरडले. आपण दिवसभर किती वेळा ‘बघू’ म्हणतो हे तिला आजच कळलं म्हणाली. मला तर घरी आल्यावर कळलं. ह्यांना विचारलं, गळका नळ कधी दुरुस्त करणार? पेपरातून मान वर न करता, “बघू.”

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज हळूबाईने कमाल केली!

हळूबाई हे नाव ड्रायव्हरने ठेवलंय. ती इतकं हळू बोलते की शेजारच्यालाही ऐकू जात नाही. लग्नानंतर महिन्याभरात नवरा परदेशी गेला. ‘इंग्रजी शीक, मग तुला नेतो’ म्हणून सांगून गेला, त्याला आता तिसरं वर्ष. सासूबाई रोज तिला जिन्यापर्यंत सोडतात आणि वर्ग सुटेपर्यंत खाली औषधाच्या दुकानाच्या बाकावर बसून राहतात. राखण करतात की काळजी, देव जाणे.

तर आज ड्रायव्हर खुर्चीत. हळूबाईची पाळी आली. उभी राहिली, पदर बोटाला गुंडाळला आणि विचारलं — व्हेन आर यू गोइंग टू कम बॅक? परत कधी येणार? ड्रायव्हर अजून गेलेलाही नाही! तो हसला, म्हणाला, बघू. हिने पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नक्की नाही. हिने पुन्हा विचारलं, आता आवाज चढलेला. चौथ्या वेळेला तर तिच्या डोळ्यांत पाणी आणि ड्रायव्हरच्या कपाळावर घाम!

“मॅडम, ह्यांना आवरा! मी काय केलंय?”

सगळे हसले. मी नाही हसले.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

वर्ग सुटल्यावर हळूबाई फळा पुसायला म्हणून मागे राहिली. पुसलेलाच फळा पुन्हा पुसत होती. मग बोलली.

नवऱ्याचा फोन दर रविवारी येतो. सासूबाईंच्या फोनवर, चेहरा दिसतो तसला. सगळं घर समोर बसतं. आधी आई, मग काका, म्हणजे तिचे चुलतसासरे. शेवटी हिची पाळी. तिच्याशी तो इंग्रजीत बोलतो, परीक्षा घेतल्यासारखा. काय जेवलीस? आईला गोळ्या दिल्यास? पाऊस पडला का? ही उत्तरं देते. घरचे कौतुकाने बघतात. फोन संपतो. तीन वर्षं हेच!

“मॅडम, आमच्याकडे इंग्रजी कोणालाच येत नाही. म्हणजे मी सगळ्यांसमोर त्यांना काहीही विचारू शकते ना?”

त्या घरात हिला स्वतःचा फोन नाही, दाराला कडी लावायची सोय नाही. आणि हिला नवऱ्याशी एकटीने बोलायला जागा सापडली ती इंग्रजीत!

मी म्हटलं, “विचार. हसत विचार. मीठ हवंय का विचारावं तसं विचार. आणि ‘बघू’वर सोडू नकोस.”

रविवार, ९ फेब्रुवारी

आत्ता त्यांचा फोन चालू असेल. माझी भाजी करपली.

सोमवार, १० फेब्रुवारी

नाही विचारलं. “धीर झाला नाही, मॅडम.”

मला राग आला. तिचा नाही — त्याचा! एवढ्या लांब बसून एवढी भीती घालता येते?

खाली उतरले तर सासूबाईंनी गाठलं. ठसठशीत कुंकू, हातात औषधाची पिशवी, आवाज खणखणीत. मला वाटलं आता तक्रार. तर म्हणतात कशा, “बाई, पुढच्या रविवारी आमच्याकडे चहाला या. सून कशी फाडफाड बोलते ते तुमच्या डोळ्यांनी बघा. माझा मुलगा म्हणतो, आणखी थोडं सुधारलं की नेतोच तिला.”

हळूबाईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, येते.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “लोकांच्या घरात नाक खुपसायला तुला कोणी सांगितलंय?” त्यांनीच बोलावलंय, म्हटलं. चहाला!

रविवार, १६ फेब्रुवारी

खूप रात्र झालीय. पण लिहून काढते, नाहीतर झोप यायची नाही.

बैठकीची खोली. टेबलावर पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवलेला फोन. समोर सासूबाई, शेजारी काका. काका इंग्रजी येत असल्याचा आव आणतात, दर वाक्याला “येस, येस, व्हेरी फाइन.” मी दाराजवळच्या खुर्चीत, त्याला दिसणार नाही अशी. हातात कप.

तो दिसला. गोरागोमटा, हसरा, गळ्यात मफलर. आईशी लाडाने बोलला. गोळ्या घे, दगदग करू नकोस. मग हिची पाळी.

त्याने विचारलं, काय जेवलीस? तिने सांगितलं. आणि त्याच दमात, त्याच आवाजात, चेहऱ्यावर हसू ठेवून इंग्रजीत विचारलं — तुम्ही मला तिकडे कधी नेणार आहात?

तो गडबडला. म्हणाला, बघू.

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. आता ही गप्प बसणार, असं वाटलं. नाही बसली! पुन्हा विचारलं. तेच, जसंच्या तसं. तो म्हणाला, हे आत्ता कशाला, सगळे बसलेत. ती म्हणाली, त्यांना कळत नाही. मला कधी नेणार आहात?

“येस, येस,” काका म्हणाले.

‘नो’ तर कोणालाही कळतं. म्हणून तो ‘नो’ म्हणाला नाही. लांब लांब वाक्यं बोलला, हसत हसत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. त्याचं तिथे घर आहे. त्या घरात एक बाई आहे. उन्हाळ्यात त्यांना मूल होणार आहे. इकडे परत यायचा त्याचा विचार नाही.

तिने विचारलं, आईंना कधी सांगणार आहात?

कधीच नाही, तिला झेपायचं नाही.

मग माझं काय करणार आहात?

तू आहेस तिथे बरी आहेस, म्हणाला. आईला तुझी गरज आहे. मी दर रविवारी फोन करीनच.

मेल्या! फोन करीनच! उपकार!

आणि ही हसतेय. ओठ हसताहेत, पदर बोटाला गच्च गुंडाळलेला. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवताहेत. “बघितलंत बाई? कुठे अडली का?” मग फोन बंद झाल्यावर मला विचारलं, “काय म्हणाला हो शेवटी? एवढा वेळ कधी बोलत नाही तिच्याशी.”

मी तोंड उघडलं. हळूबाईने मान हलवली, इतकुशी. “मी सांगते आईंना,” म्हणाली. “माझं मी सांगते.”

तिचा हक्क आहे. मी जीभ आवरून उठले. जिना उतरताना रडू फुटलं, संतापाने.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आली नाही. खाली बाकही रिकामं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आजही नाही. ड्रायव्हरने दोनदा विचारलं. मी सांगितलं, माहीत नाही. खोटं बोलायला लागलं की मी फळ्याकडे तोंड करते.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आज नोकरी गेली! आणि मला काडीचं वाईट वाटत नाही. बरं, वाटतंय. पण पुन्हा वेळ आली तर हेच करीन.

झालं असं. हळूबाईने सासूबाईंना सगळं सांगितलं. सासूबाईंनी तिथल्या तिथे मुलाला फोन लावला. तो काय म्हणाला? म्हणाला, आई, तिचं इंग्रजी कच्चं आहे. मी बोललो एक, ती समजली भलतंच. शेजारच्या मित्राची गोष्ट सांगत होतो, तिने माझ्यावर घेतली. क्लासवाल्यांना विचार काय शिकवतात ते!

आणि सासूबाई काकांना घेऊन थेट संचालकांच्या खोलीत. मला बोलावणं आलं. हळूबाई कोपऱ्यात उभी, डोळे सुजलेले.

संचालक गोड झाले होते. “मॅडम, गैरसमज झालाय. नवीन शिकणाऱ्याचा होतोच. तुम्ही एवढंच सांगा, की हिची अजून तयारी नाही. विषय संपला. घर वाचेल त्यांचं.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घर वाचेल! कोणाचं? आणि ते वाचवायला ह्या पोरीने मूर्ख ठरायचं? तीन वर्षांत पहिल्यांदा एक प्रश्न विचारला, सरळ विचारला, उत्तर सरळ ऐकलं — आणि मी सांगू की तिला येत नाही?

मी म्हटलं, “हिचं इंग्रजी पक्कं आहे. मी तिथे बसले होते. शब्द न् शब्द ऐकलाय. तिने सांगितलंय ते तसंच आहे, एक अक्षर इकडचं तिकडे नाही.”

काका म्हणाले, “मीही होतो की! मला कसं नाही कळलं?”

“तुम्ही येस येस म्हणत होतात, काका.”

सासूबाई उठल्या. “माझा मुलगा माझ्याशी खोटं बोलणार नाही!” एवढंच बोलल्या. सुनेला दंडाला धरून घेऊन गेल्या. संचालक म्हणाले, उद्यापासून येऊ नका. मी म्हटलं, आजचा वर्ग घेऊन जाते. आणि घेतला!

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसभर घरात. ह्यांनी विचारलं, “तुला काय पडलं होतं?” मी म्हटलं, सगळंच पडलं होतं. ते पेपर ठेवून उठले. मग बऱ्याच वेळाने स्वयंपाकघरातून आवाज — नळ दुरुस्त करत होते.

दुपारी ड्रायव्हरचा फोन. “मॅडम, उद्या वर्ग कुठे?” म्हटलं, वर्ग कसला, मला काढलंय. म्हणाला, “ते झालं हो. उद्या तुम्ही काय करणार आहात?” आणि मी बघू म्हणायच्या आत ओरडला, “बघू चालणार नाही!”

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आमच्या बाहेरच्या खोलीत वर्ग. पलंगावर चार, खाली सतरंजीवर बाकीचे. फळा नाही, कपाटाच्या दारावर खडूने लिहिलं. हे कुरकुरत शेजारून खुर्च्या मागून आणत होते. नर्सने येताना आणखी दोघींना आणलं. संचालकांच्या छाताडावर बसून वर्ग चालवीन! विमानाचं पोस्टर नाही, एवढंच.

हळूबाई नाही आली. तिला निरोप कोणाकरवी द्यावा? फोन तर सासूबाईंचा.

सोमवार, २४ फेब्रुवारी

वर्ग सुरू झाला आणि दार वाजलं. दारात सासूबाई, औषधाच्या दुकानात पत्ता विचारून आलेल्या. मागे हळूबाई. भांडायलाच आल्या म्हणून मी कंबर कसली. त्यांनी चपला काढल्या, आत आल्या, सतरंजीवर बसल्या आणि शेजारची जागा हाताने झटकून सुनेला बसवलं.

“काल फोन झाला,” म्हणाल्या. “हिने पुन्हा इंग्रजीत विचारलं, तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. बाई, माझ्याशी तो आपल्या भाषेत खोटं बोलतो. खरं इंग्रजीत बोलतो. मलाही शिकवा.”