देवळाच्या पायरीवरचं पाणी

छत्रपती संभाजीनगर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सई,

इंद्रजीतकाकाचा आशीर्वाद. अंबिकावहिनींना नमस्कार सांग. आम्ही दोघं बरे आहोत. थंडी पडली की सुरेखाचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्यापेक्षा जास्त मी कुरकुरतो, असं तिचं म्हणणं. क्रांती चौकातला आपला चहावाला परवा विचारत होता, पुण्याची पोरगी कधी येणार म्हणून. तुझी उधारी अजून त्याच्या लक्षात आहे, एवढंच सांगतो.

तू पाठवलेला तक्ता मिळाला. शिवना नदीच्या पाण्याची वीस वर्षं, तीही महिन्यामहिन्यानं. तुझ्या बाबांच्या आणि माझ्या अक्षरातली ती फाटकी रजिस्टरं तू एकटीनं वाचून काढलीस. माझं अक्षर तर मला स्वतःलाही लागत नाही. तुझे बाबा, व्यंकटराव, असते तर चष्मा कपाळावर सरकवून एकेक आकडा तपासत बसले असते आणि शेवटी फक्त "बरं आहे" म्हणाले असते. त्यांचं "बरं आहे" म्हणजे शंभरपैकी शंभर.

पुढच्या सोमवारी, पंचवीस तारखेला, हा तक्ता सगळ्यांसाठी खुला होणार, आणि त्याच्याच आधारावर बोरगव्हाण गावाची पिण्याच्या पाण्याची विहीर तिथल्या नदीच्या पुलाखाली खोदायचं ठरणार, असं तू लिहिलंस. माझ्याकडून प्रस्तावनेच्या दोन ओळी मागितल्यास. आठ दिवस झाले, कागद घेतो आणि ठेवून देतो.

सुरेखा म्हणाली, "दोन ओळीला आठ दिस लागत्यात व्हय? काय ते लिहून टाका एकदाचं." तिला सगळं माहीत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी सवय तेरा वर्षांची आहे.

गेल्या महिन्यात तू फोनवर विचारलंस, की पुलाखालच्या पाण्यातला प्राणवायू सप्टेंबर २०११ पासून एकदम दीडवरून सहावर कसा गेला. दीडवर मासा तडफडतो, सहावर सुखानं जगतो, हे तुला मी काय सांगणार. मग उत्तरही तूच दिलंस. बाबा गेले, पेपरात आलं, कारखान्यांना नोटिसा गेल्या, त्यांच्या नाल्याचं पाणी सुधारलं. म्हणजे बाबांचं जाणं वाया नाही गेलं ना काका, असं तू म्हणालीस. मी हो म्हटलं.

नाही, सई. नदी सुधारली नाही. मी जागा बदलली.

ऑफिसच्या नियमानं दर महिन्याला पाण्याचा नमुना घ्यायचा तो पुलाखाली, नाला मिळतो त्याच्या खालच्या अंगाला. सप्टेंबर २०११ पासून मी बाटली भरली ती वरच्या अंगाला, महादेवाच्या देवळाच्या पायरीवरून. तिथं नाला अजून नदीला मिळालेला नसतो. रजिस्टरात मात्र दर महिन्याला "पुलाखाली" असंच लिहिलं. निवृत्त होताना प्रणयला काम दिलं तेव्हा त्यालाही तीच पायरी दाखवली. तो बिचारा आजपर्यंत तिथूनच पाणी आणतो.

तुला वाटेल, जिथं बाबा गेले तिथं काकाला उतरवत नसेल. तेही खरं आहे. तेवढंच असतं तर हे पत्र सोपं झालं असतं.

तुझ्या तक्त्याच्या पहिल्या पानावर तू लिहिलंयस, "भरलेली बाटली आधी काठावर ठेवणाऱ्या बाबांना." दर वर्षश्राद्धाला वहिनी हेच सांगतात. पाय घसरला तरी त्यांनी आधी बाटली दगडावर ठेवली, इंद्रजीतभावजींनी डोळ्यांनी पाहिलं. मी खाली मान घालून बसतो आणि लोकांना वाटतं, याला दुःख आवरत नाही.

मी तिथं नव्हतो.

दोघांनी जायचा नियम होता. एकानं उतरायचं, दुसऱ्यानं काठावर दोर धरायचा. त्या दिवशी माझ्या मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा होता. सकाळी ऑफिसात मी रजिस्टरवर "सोबत" या रकान्यात सही करून टाकली आणि व्यंकटरावांच्या तोंडाकडे पाहत उभा राहिलो. ते हसले. म्हणाले, "जा तू. एका बाटलीला दोन माणसं कशाला?" वरच्या भागात रात्रभर पाऊस झाला होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी शहागंजातून पेढे घेतले आणि पंगतीला बसलो. जिलबी पानात पडली तेव्हा फोन आला. पुलाजवळ शेत असलेला सांडू बोलत होता. "इंद्रजीतराव, साहेबाच्या चपला हायेत काठावर. मानूस दिसंना."

ते संध्याकाळी खालच्या बंधाऱ्याला सापडले. बाटली सापडलीच नाही. लोक शोधत होते तेव्हा मी देवळाकडे गेलो, पायरीवरून दुसरी बाटली भरली आणि पुलाखाली दगडावर आणून ठेवली. माझी सही होती ना रजिस्टरवर. दोघं गेले होते, नमुना घेतला होता, असं दिसायला बाटली हवी होती. नोकरीची भीती होती, खोटं कशाला बोलू. पण रात्री वहिनींनी विचारलं, "शेवटी काय झालं हो?" तेव्हा जिलबी खात होतो असं माझ्या तोंडून निघेना. मग बाटलीची गोष्ट निघाली. ती त्यांना इतकी धरून ठेवावीशी वाटली, की परत घेणं मला जमलं नाही. सांडूला सगळं माहीत होतं. तो कधी बोलला नाही, मलाही आणि दुसऱ्या कुणालाही.

तुझ्या तक्त्यात प्राणवायू उडी मारतो तो नेमका त्याच तारखेला. तो पहिला सहा म्हणजे माझी ती बाटली. पुढं महिनाभरानं पुलाखालचं खरं पाणी आणलं असतं तर आकडा पुन्हा पडला असता आणि कुणीतरी विचारलं असतं. म्हणून पायरीवरूनच नेत राहिलो. ऑफिसातल्या साहेबांनी पाठ थोपटली, नदी सुधारतेय म्हणाले.

विहिरीचं वाचलं आणि मंगळवारी बोरगव्हाणला गेलो. सांडू आता काठी टेकत चालतो. मी पुलाखाली उतरतोय म्हटल्यावर त्यानं घरातून दोर आणला, एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं माझ्या कमरेला बांधलं आणि म्हणाला, "आता उतरा. म्या हाय." मी घसरलो असतो तर त्या म्हाताऱ्यालाही ओढूनच नेलं असतं, पण नको म्हणवलं नाही.

तुझे बाबा शिकवायचे तशी बाटली नदीच्याच पाण्यानं तीनदा विसळली, मग भरली. तिसऱ्यांदा विसळताना मी रडलो. प्रणयनं तपासलं. प्राणवायू एक पूर्णांक चार.

त्या तपासणीचा कागद सोबत जोडलाय. तक्त्यातली तेरा वर्षं काढून टाक, आणि का काढली ते माझं नाव घालून लिही. विहीर तिथं होऊ देऊ नकोस. सांडूची नातवंडं ते पाणी पितील. ऑफिससाठी मी वेगळं पत्र लिहिलंय, पण ते हे तुला मिळाल्यावरच देईन. तुला आधी कळायला हवं होतं.

वहिनींना तू सांगू नकोस. मी येतो आणि समोर बसून सांगतो. दार उघडलं नाही तर बाहेरून सांगेन.

तू दोन ओळी मागितल्या होत्यास. वीस वर्षांत मला लिहिता आलेल्या खऱ्या ओळी या एवढ्याच. रजिस्टरात त्या दिवसाखाली घाल.

दि. २० सप्टेंबर २०११. नमुना घेणारे : व्यंकटराव.
सोबत : कोणी नव्हतं.

इंद्रजीत